गुरुजींचे दोन मार्क

राहुरीच्या त्या गल्लीत पैज लागली ती टेम्पोवाल्या छगनच्या तोंडाळपणामुळं.

"जॉन, तुझ्या आप्पांनी उभ्या जन्मात कुणाला दहापैकी पाचाच्या वर मार्क दिलेत का रे?"

"न्हाई. मला बी न्हाई."

"नवी नर्स येनार हाय म्हनं. तिला देत्याल."

"दिले तर तुझ्या घरच्या वहिनीचं लुगडं नेसून चौकातल्या नळावर पानी भरीन. सगळ्यांसमोर."

जॉनचे वडील शलमोन गुरुजी तीस वर्षं मास्तर. आता कॅन्सर हाडात उतरलेला, बरं करणारं औषध संपलेलं. राहिलेले दिवस बिनदुखण्याचे जावेत, एवढंच हातात होतं. त्यासाठीच जॉन सुप्याच्या कंपनीत रजा टाकून आला होता… आणि तेच जमत नव्हतं.

नर्स आली. स्टेला. हेल्मेट काढलं तशी एक बट कपाळावर आली, आणि जॉन दारातच खांबासारखा उभा.

"भाऊ, सरका जरा."

"भाऊ सोडून काहीही म्हणा," तो पुटपुटला.

"बरं. अहो काहीही, सरका जरा."

तिनं शून्य ते दहाची पट्टी गुरुजींपुढं धरली. "गुरुजी, दुखणं किती?"

"दोन."

महिनाभर हाच आकडा. आधीची नर्स लिहून जायची — दोन, म्हणजे किरकोळ. स्टेला मात्र त्यांच्या मुठीत आवळलेल्या चादरीकडं बघत होती.

जॉननं चहा आणला. तिनं घोट घेतला नि कसाबसा गिळला.

"कसा झालाय?"

"गुरुजींना विचारा."

"दोन मार्क," गुरुजी म्हणाले. "ते बी कप धुतला म्हनून."

स्टेला हसली… हसता हसता थांबली. "गुरुजी, अजिबात दुखत नसेल तर किती?"

"दहा. पट्टी मार्काचीच हाय ना?"

जॉननं ट्रे खाली ठेवला. महिनाभर आप्पा नापास सांगत होते, आणि सगळे पास समजत होते. स्टेलानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. औषध वाढलं. मग ती येत राहिली… दोनदा तर काम नसताना.

"चहा सुधारलाय का बघायला आले."

"सुधारला?"

"नाही. उद्या परत बघावं लागेल."

आठव्या दिवशी गुरुजी उशीला टेकून बसले, तासभर छगनशी मजेत भांडले आणि म्हणाले, "पोरीला नऊ. एक कापला. लवकर घरी जाती."

रविवारी चर्च सुटल्यावर जॉन हिरवं लुगडं नेसून नळावर. सगळी गल्ली जमलेली, छगनचं मोबाईलवर शूटिंग चालू, दारात खुर्ची टाकून गुरुजी. स्टेला गर्दीतून पुढं आली नि तिनं पदर त्याच्या डोक्यावर ओढला.

"स्टेला," तो हळूच म्हणाला, "आप्पा हायेत तोवर तू येशील. त्यानंतर…?"

"त्यानंतर कशाला? ते आहेत तोवरच येते की — सून म्हणून."

हंडा भरून वाहायला लागला. जॉनला पत्ताच नाही.

"उचला आता," ती म्हणाली. "आप्पा बघतायत."

जॉननं हंडा डोक्यावर घेतला आणि लुगडं सावरत, गल्लीच्या शिट्ट्या झेलत घराकडं निघाला.