राब पेटवणारी बाई

"कसला दीडशहाणा माणूस आहे हा!" महाडच्या एसटी स्टँडवर साप्ताहिक वाचता वाचता मी एवढ्या जोरात बोलले, की शेजारच्या तरुणाचा चहा शर्टावर सांडला.

"कोण हो?" त्याने रुमाल शोधत विचारलं.

"हा हृतिक पोतदार! 'वरकस' सिनेमाला नावं ठेवतोय. नवऱ्याने टाकलेली बाई एकटी शेती करते, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी पडद्यावर दगड मारले होते. आणि हा लिहितोय, 'शेवटी नायिका स्वतःचंच शेत जाळते. हरलेल्या बाईचा रडका सिनेमा.' हे वाचून आमच्या वाचनालयाची कमिटी शनिवारचा खेळ रद्द करायला निघालीय. तीन महिने खपले हो मी त्यासाठी!"

"पण... शेत जाळतेच की ती."

"तुम्ही काय त्याचे भाऊ?"

"भाऊ नाही," तो हळूच म्हणाला. "मीच तो."

अग्गोबाई! गळ्यातल्या एमआयडीसीच्या ओळखपत्रावर नाव होतंच की. मी आणखीच चिडले. दिसायला मात्र बरा होता मेला.

"शेतात पाय ठेवलाय कधी?"

"आम्ही बाजारपेठेतले. शेत एसटीच्या खिडकीतून बघितलंय."

"मग उद्या सकाळी या पोलादपूरला, आमच्या गावी. घाबरू नका — जाळणार आहे, पण तुम्हाला नाही."

"तुमचा काही भरवसा नाही," तो हसला. चष्मा नाकावर घसरला, आणि मला उगाचच तो वर सरकवावासा वाटला.

आला की हो, मोटरसायकल घेऊन! बाबांनी त्याला बसूसुद्धा दिलं नाही. "उभा काय ऱ्हायलास? पातेरा टाक!" शेणावर कवळाच्या, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, वर मातीचा थर — बिचारा घामाघूम झाला. मग बाबांनी कडेला काडी लावली.

"अहो, शेत पेटलं!" हृतिक बादली घेऊन धावला.

बाबा पोट धरून हसले. "राब भाजतोय रे! तण मरतं, माती भुसभुशीत व्हते. पावसात हितंच भाताचं बी पेरायचं हाय."

बादली हातातच राहिली. "म्हणजे... ती बाई..."

"पेरणीच्या तयारीला लागली होती. एकटी, कुणाला न विचारता. जिंकली होती हो ती!" मी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "दगड मारणाऱ्यांनासुद्धा ते कळलं होतं, तुम्हाला नाही कळलं."

तो धुरातून माझ्याकडे बघतच राहिला. संध्याकाळी स्वतः वाचनालयात गेला, कमिटीसमोर चूक कबूल केली आणि खेळ परत मिळवून आला.

शनिवारी हॉल खचाखच! नाते, दासगाव अशा गावांतल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. शेवटी पडद्यावर आग पेटली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "राब भाजतेय गो ती!" मग ज्या टाळ्या पडल्या... मी रडतही होते आणि टाळ्याही वाजवत होते.

"नवं परीक्षण लिहिलंय," हृतिक माझ्या कानाशी वाकला. "शेवटचं वाक्य ऐकता? 'ज्या मुलीने मला हा सिनेमा दाखवला, तिच्याशी जन्मभर भांडायला आवडेल.' छापू?"

 मान ताठ ठेवूनच मी त्याचा चष्मा वर सरकवला.

"आवडेल काय? 'भांडणार आहे' असं लिही."