टेबलावरची बाटली

पहिला पेशंट घ्यायच्या आधी आम्ही एमआरआयमध्ये पाण्याची बंद बाटली ठेवतो. मशीनची नियत तपासायला. पडद्यावर नुसता करडा गोल दिसला की कामाला सुरुवात. त्या गोलात काही दिसत नाही. दिसायला नकोच.

त्या दिवशी पहिली पेशंट माझी ताई होती. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप आवळली होती. ती फुग्याने उघडायची, पण एक्स-रेवर करायचं तर शिरा दिसाव्यात म्हणून जो डाय टोचतात, तो तिच्या मूत्रपिंडांना झेपला नसता. मोठमोठ्यांनी हात वर केले. भावोजींना 'देवावर सोडा' सांगणारे तर पैशाला पासरी मिळाले. एकट्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एमआरआयमध्येच बघत बघत करू.

मांडीच्या शिरेतून कॅथेटर आत गेलं. बारीक नळी, टोकाशी मिटलेला फुगा; पडद्यावर ते टोक म्हणजे एक काळा ठिपका. बाई आत, मी काचेअलीकडे, दोघांच्या कानांवर हेडफोन. मशीनची ठकठक. ठिपका झडपेपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. पुन्हा. पुन्हा. ताईचे ओठ निळे पडत चालले. भूल देणाऱ्यांनी मान हलवली, आवरा म्हणाले. मान हलवायला यांच्या बापाचं काय जातं?

"बाई, अजून एकदा."

"आता नाही जमत रे." त्यांनी दोन्ही हात वर करून मला काचेतून दाखवले. रिकामे.

पडद्यावर ठिपका पुढे चालला होता. सावकाश, वाट माहीत असल्यासारखा. झडपेत शिरला. थांबला.

"मी ढकलत नाहीये," बाई हळूच म्हणाल्या.

"कुणी का ढकलेना. फुगवा."

त्यांनी फुगवला. झडप उघडली. ताईच्या ओठांवर रंग आला.

तिला उचलताना चादरीखाली, पायांशी बाटली सापडली. घाईत काढायची राहून गेली होती. अंगासारखी कोमट होती. पायांची ऊब असेल म्हणून मी ती कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या सकाळी तीच बाटली टेबलावर ठेवली. करडा गोल उमटला. मधोमध काळा ठिपका होता.

गोल आकसला. फुलला. आकसला.

मी वॉर्डात फोन लावला. भावोजी कितीतरी दिवसांनी हसत होते. ताई उठून बसलीय, चहा मागतेय म्हणाले. "फक्त ते नाडीचं यंत्र बिघडलंय रे. दुसरं आणलं, तेही तसलंच. सिस्टर मघापासून मनगट चाचपतायत, त्यांनाही लागेना. तुझी ताई हसतेय त्यांना."

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. हेडफोनमध्ये बाई म्हणाल्या, "बाटली काढ, पेशंट घे."

मी आत गेलो. बाटलीवर दोन्ही हात ठेवले. आत धडधडत होतं.

तळव्यांना ओल लागली. झाकणाखालून बाटली झिरपत होती.