सत्तर किलो जास्त

कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर चढल्याशिवाय काही हलत नाही. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली, आणि वजाबाकी करायची. तोलताना ड्रायव्हरनं खाली उतरायचं. माझा या वजाबाकीवर पूर्ण विश्वास. देवावर बेताचाच.

निवृत्तीनंतर मी तिथल्याच एका शेडमध्ये विमान बांधलं. शंभर वर्षांपूर्वीचं, एकाच माणसाचं, पंखांची एकच जोडी असलेलं लढाऊ विमान. मूळ विमान चाचणीतच शेपूट जड होऊन कोसळलं, वैमानिक बाहेर फेकला जाऊन मेला आणि पुढचं सगळं काम थांबलं. आमच्याकडे होता तो जुना आराखडा. त्यात बैठकीला पट्टाही नव्हता. तो मी बसवला. कारण विमान उडवणार होती आमची जागृती. पोरगी पेशानं वैमानिक असली तरी बापाचा जीव टांगणीलाच.

आधी वास आला, एरंडेलाचा. जुन्या इंजिनांत वंगण म्हणून तेच तेल असायचं, आमच्यात नव्हे. आमचा फिटर मिथुन म्हणाला, "सर, जुलाबाचं औषध कोणी सांडलं?" आम्ही हसलो.

मग बैठकीची गादी दबलेली दिसू लागली. थापटून सारखी करावी, तर चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा खोलगट.

शेवटी शेडमधल्या छोट्या काट्यावर विमान तोललं. हिशेबापेक्षा सत्तर किलो जास्त. टाकी रिकामी केली, नकली बंदूक उतरवली. जादाचे सत्तर तसेच. आणि सगळा भार बैठकीच्या जागी.

"नको उडवूस," मी जागृतीला म्हणालो.

"बाबा, टेन्शन नका घेऊ. तुमचा काटा बिघडलाय. मोठ्या काट्यावर बघू. तिथं पण जास्त आलं तर कॅन्सल. प्रॉमिस."

सकाळी विमान ट्रेलरवर चढवून बाजारातल्या काट्यावर नेलं. रिकामा ट्रेलर आधीच तोलला होता. मिथुन ट्रेलरमधून उतरून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. आकडा आला. सत्तर जास्त.

काटेवाला धनाजी केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत होता. भोंग्यातून ओरडला, "डायवर खाली!"

"उतरलोय ना, शेठ," मिथुन म्हणाला.

"तू नाय रे. वरती बसलाय तो."

आम्ही वर पाहिलं. बैठक रिकामी होती.

ट्रेलरचे पाटे कुरकुरले.

आकडा खाली आला. सत्तरनं.

"आता बराबर हाय," धनाजी म्हणाला आणि त्यानं पावती फाडली.

तिथून विमान धावपट्टीवर नेलं आणि त्याच दिवशी जागृतीनं ते उडवलं. मोठी गिरकी घेतली आणि अलगद उतरवलं. मी सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही. गादी फुगलेली होती, एरंडेलाचा मागमूस नव्हता. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

जागृती विमानापाशी थांबली. मी एकटाच, गुणगुणत, ऐरोलीला घरी निघालो. गाडीनं वेग घेतला आणि टुंग टुंग वाजायला लागलं. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजतं, तसं.

सीट रिकामी होती.

मी गाडी बाजूला घेतली. उतरून पळायला दाराकडे हात नेला. पण माझी पोरगी सुखरूप उतरली होती, ती कोणीतरी जागा सोडली म्हणूनच.

हात लांब करून मी शेजारचा पट्टा ओढला आणि लावला. आवाज थांबला.

पट्टा मात्र सीटला टेकला नाही. वीतभर अलीकडेच राहिला, हळूहळू वरखाली होत.