स्त्रातिसला काय हवंय

ग्रीसमधल्या मितिलिनीच्या बंदरामागच्या गल्लीत स्त्रातिसला शिंक यायच्या आधी रुमाल यायचा. आई आणून द्यायची, तो हातात घ्यायचा, मग शिंक. चौतीस वर्षं असंच चाललं होतं आणि गल्लीत कुणालाच त्याचं नवल नव्हतं.

"आईच ती," शेजारची मिर्सिनीमावशी म्हणायची. "तिला नाही कळणार तर काय नगरपालिकेला कळणार?"

स्त्रातिसची आई एव्हान्थिया गल्लीभरच्या पोरांची दृष्ट काढायची. वाटीत पाणी, पाण्यात तेलाचे थेंब, ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. दृष्ट लागलेली असली की तिला जांभया येत. परक्या पोराला एखाददुसरी. स्त्रातिससाठी मात्र वाटीसुद्धा लागत नसे. तो चष्म्याच्या दुकानात बसून काहीतरी मनात आणायचा आणि ही घरी जांभई द्यायची.

त्याने एकदा परीक्षा घेतली. दुकानात बसून मुद्दाम एक जिराफ मनात आणला आणि त्याला पाद्र्याची उंच काळी टोपी घातली. घरी आला तर आई सार्डिन मासे साफ करत होती.

"टोपी बसायची नाही रे," मान वर न करता ती म्हणाली. "शिंगं असतात त्याला."

स्त्रातिसने काढलेले बूट पुन्हा घातले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. काही उपयोग झाला नाही. डोकं बरोबरच आलं होतं.

मग दोम्ना भेटली. दोम्ना दंतवैद्याकडे कामाला होती, गडगडून हसायची आणि आता तिला अथेन्सजवळच्या पिरेअसला नोकरी लागली होती. तिथे जाऊन लग्न करायचं, असं दोघांनी ठरवलं. हे आईपासून लपवायला नुसतं तोंड बंद ठेवून भागणार नव्हतं. स्त्रातिस घरात शिरताना मनातल्या मनात पाढे म्हणू लागला. मध्ये फट न ठेवता, भिंत रचल्यासारखे.

एका दुपारी मसुराची आमटी वाढताना आई म्हणाली, "सात आठे छप्पन. तू कालपासून चोपन्न म्हणतोयस." मग एक लांब जांभई. "आणि त्या मुलीला सांग, बोटीवर वारा असतो, गळा झाकून बस म्हणावं."

त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आई, मी एक शब्द बोललो नाही."

"बोललास असं कुठे म्हटलं मी?"

"मग माझ्या डोक्यात काय करतेस तू?"

"आवरतेय," ती म्हणाली. "पसारा किती तो."

"मी चाललोय. कायमचा. राग नाही आला?"

"जा की. मी काय बांधून ठेवलंय?"

संध्याकाळच्या बोटीला ती धक्क्यापर्यंत आली. हात हलवला, जांभई दिली. बोट बंदराच्या दीपस्तंभापलीकडे गेल्यावर वळून घरी निघाली.

आणि स्त्रातिसच्या डोक्यात शांत झालं.

इतकं शांत त्याला कधीच वाटलं नव्हतं. तो हसला. मग आपण का हसलो, ते त्याला आठवेना.

"कॉफी कशी?" बोटीवरच्या काउंटरवाल्याने विचारलं. "बिनसाखरेची, मध्यम, गोड?"

स्त्रातिस त्याच्याकडे बघत राहिला.

"अरे, कशी पितोस तू?" दोम्ना म्हणाली.

"समोर येते तशी."

"दादा, मागे रांग आहे," काउंटरवाला म्हणाला.

दोम्ना गडगडून हसली. "बरं, ते जाऊ दे. खिडकीशी बसू की आत?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. मग आत पाहिलं. दोन्ही जागा होत्या.

दोम्नाचं हसू ओसरलं. "स्त्रातिस. लग्न तरी करायचंय ना तुला?"

त्याने शोधलं. खूप आतपर्यंत जाऊन शोधलं. हो नव्हतं. नाहीही नव्हतं. झाडून पुसून सगळं स्वच्छ होतं.

त्याने फोन लावला.

"आई, मला काय हवंय?"

पलीकडे नळ बंद झाला. खुर्ची सरकली.

"थांब हं," ती म्हणाली. "विचार करते."

दोम्ना त्याच्याकडे बघत उभी होती.

कॉफी मध्यमच हवी, स्त्रातिसला वाटलं.

पुढे खिओस बेटावर बोट थांबते. तिथे उतरलं तर परत जाता येईल.

आणि दोम्नाचे कान जरा मोठेच आहेत, असंही वाटलं. अगदी मनापासून.