लाल कार्डावरची वेळ

काळुराम म्हात्रे दारात येऊन उभा राहिला तेव्हा विमलबाई फळीवरच्या साच्यांची धूळ पुसत होत्या. गणपती होऊन दोन महिने झाले होते आणि पेणचे कारखाने गप्प पडले होते. हैबतराव खुर्चीत पेपर वाचत होते. हवालदारकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची सकाळ इथेच जायची. विमलबाईंनी नवऱ्यामागे मूर्तींचा कारखाना चालवला, आणि लोकांच्या भानगडींचा तपासही. त्या तपासात हैबतराव सोबत असत. उत्तर मात्र त्यांना नेहमी सगळ्यांत शेवटी कळे.

"बाय, माझे पोरीला सोडवा," काळुराम म्हणाला. "तीन दिस जेवली नाय. मिठागराच्या बांधावं जाऊन बसते, पाण्याकडं बघत. मना भ्या वाटतं."

पोरगी त्याच्या मागेच उभी होती. दर्शना, बावीस वर्षांची, धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर. तिने खाली मान घालून सगळं सांगितलं.

दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर तारखेला चुकतील अशी त्या वर्षी सगळीकडे धास्ती होती. कंपनीने चाचणी ठरवली. टिपणीस साहेबांनी मुख्य मशीनवरून एक मूळ डिस्क तयार केली आणि तिच्या तीन नकला तीन कॉम्प्युटरांत घातल्या. पुढची तारीख मुख्य मशीनमध्ये शिरू नये म्हणून त्याच्याशी जोडणारी तिन्हींची केबल काढून त्यांना एकटं पाडायचं होतं. रविवारी सकाळी आठला दर्शना ड्यूटीवर आली. दोन कॉम्प्युटर सुरू केले, तर पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं आणि एकच ओळ: 'टर्मिनल टाइप अननोन'. पुढे काहीच चालेना.

"मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ड्यूटीच्या वहीत काही लिहू नको, उद्या बघतो. आता म्हणतात, फोन आलाच नाही. मी फाइल उडवली म्हणतात. कबुलीवर सही कर, नाहीतर पोलिसांत देऊ. आज पाचपर्यंत मुदत आहे."

"फोन कुठून केलास?"

"गेटवरून. बाहेरचा फोन तिथूनच लागतो."

विमलबाईंनी फडकं ठेवलं आणि चपला घातल्या.

चौघं रोह्याच्या एस.टी.त बसले. धाटावला उतरताच रसायनांचा आंबूस, घशात बसणारा वास आला. गेटवरच्या रजिस्टरात सही करताना विमलबाईंनी दोन-तीन पानं मागे उलटली. म्हातारीला चष्म्याशिवाय जागा सापडत नसेल, असं हैबतरावांना वाटलं.

मॅनेजर दिघे भला माणूस होता, पण मुंबईहून रोज फोन येऊन त्याची झोप उडालेली. त्याच्या मते प्रकरण सरळ होतं. मुलीला कायम केलं नाही, त्यावरून आठवड्यापूर्वी तिचं टिपणीसांशी वाजलं होतं. तिने डूख धरला.

अमोल टिपणीस तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. तो वहीवर बोट ठेवून बोलला. शनिवार, संध्याकाळी सहा: 'केबल काढून तिन्ही मशीन तपासली. ठीक.' खाली सही. पडद्यावर अक्षरं कशी काढायची याची एक यादी मशीनमध्ये असते, तीच उडाली असणार, असं त्याचं म्हणणं होतं. रविवारी त्या खोलीत दर्शनाशिवाय कोणी नव्हतं. त्याला बिघाड कळला तो सोमवारीच.

"आणि तिसरा कॉम्प्युटर?"

"तो शनिवारी तपासून झाल्यावर स्टोअरमध्ये ठेवला. किल्ली माझ्याकडे. सोमवारी दिघे साहेबांसमोर उघडला, तोही तसाच."

हैबतरावांनी मान डोलावली. तिन्ही मशीन बिघडली म्हणजे पोरीचं काम पक्कं, असं त्यांनी मनाशी धरलं.

मग निलेश आला, वायरिंगचं काम बघणारा कंत्राटी कामगार. आधी प्लांटमध्ये व्हॉल्व्हवर होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला, साहेबाकडे बघेना. विमलबाईंनी एवढंच विचारलं, की केबल काढलेल्या जागी ते लाल कार्ड कसलं लटकतंय.

"प्लांटची सवय हाय, बाई. काय पण बंद केला तर ज्यानं केला त्यानं कार्ड लावायचा. तारीख, वेळ, सही."

"वेळ अंदाजे लिहिली तर?"

निलेश पहिल्यांदाच हसला, पण कडवट. "त्या कार्डावं भरवसा ठेवून मानूस टाकीत उतरतो. खोटा कोन लिवल?"

विमलबाई कार्डापाशी जाऊन वाकून वाचत राहिल्या. चार वाजले होते.

त्यांनी सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं आणि तिसरा कॉम्प्युटर स्टोअरमधून आणवला. काळुराम दाराशी उकिडवा बसला. टेबलावर कबुलीचा कागद होता.

"तिसऱ्या कॉम्प्युटरमध्ये आजची तारीख घाला, आणि निलेश, केबल लाव," विमलबाई म्हणाल्या.

दिघेंनी परवानगी दिली. निलेशने केबल जोडली. पडदा एकदा काळा झाला आणि अक्षरं सरळ, स्वच्छ उमटली. विमलबाईंनी केबल काढायला लावली, मशीन पुन्हा सुरू करवलं. पुन्हा तीच वेडीवाकडी अक्षरं.

"मला कॉम्प्युटर कळत नाही," त्या म्हणाल्या. "साचे कळतात. एका मूर्तीचा कान चिरला तर रंगाऱ्याचा हात चुकला. सगळ्या मूर्तींचा तोच कान चिरला तर साचा बघावा. तिसऱ्या कॉम्प्युटरला ही मुलगी हात लावूच शकत नव्हती, किल्ली साहेबांकडे. तरी चूक तीच. म्हणजे ती मूळ डिस्कमध्येच होती. यादी कोणी उडवली नाही, डिस्कमध्ये ती घेतलीच नव्हती. केबल असेपर्यंत मुख्य मशीनकडून मिळायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही."

"पण मी शनिवारी केबल काढून तपासलं होतं," टिपणीस म्हणाला.

"कार्डावर रविवार आहे. सकाळी साडेसात."

निलेशने मान खाली घातली. "साहेब शनवारी बोलले, आता नको, सकाली काढ."

"शनिवारी केबल जोडलेलीच होती, म्हणून सगळं ठीक दिसलं. काढून तपासायचं राहिलं आणि वहीत मात्र तसं लिहिलं गेलं. दिघेसाहेब, गेटचं रजिस्टर मागवा, बाहेरचे फोनही त्यातच लिहितात. रविवार, आठ वाजून दहा मिनिटं, दर्शना म्हात्रे, पेणचा नंबर. तो कोणाच्या घरचा, ते यांनीच सांगावं."

टिपणीसने वही मिटली. मग हळू आवाजात त्याने कबूल केलं. वरून घाई होती, आणि चूक कळली तेव्हा वहीतली सही त्याच्या डोळ्यांपुढे आली.

दिघेंनी कागद फाडला, दर्शनाला उद्यापासून यायला सांगितलं. तिने आभार मानले नाहीत. वही मागून घेतली, रविवारचं कोरं पान काढलं आणि लिहिलं: 'सकाळी ८. दोन मशीन सुरू केली. दोन्ही पडद्यांवर वेडीवाकडी अक्षरं. ८.१० ला साहेबांना फोन केला.' खाली पूर्ण नाव.

परतीच्या एस.टी.त बापलेक पुढे बसले. हैबतरावांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, की तिसऱ्या मशीनवरून आपल्याला उलटंच वाटलं, बाईंना इतक्या लवकर कसं उमगलं.

"लवकर?" विमलबाई बाहेरच्या अंधारत्या शेतांकडे बघत म्हणाल्या. "पंचवीस वर्षं लागली. आमच्याकडे पुतळी होती रंगकामाला. चाळीस मूर्तींचा डावा कान चिरला. आमच्या ह्यांनी तिला चारचौघांत बोलून काढून टाकलं. मी तिथेच उभी होते, काही बोलले नाही. पुढच्या वर्षी नवी बाई, आणि तोच कान."

हैबतरावांना कारखान्यातल्या फळीवरचा एक जुना साचा आठवला. त्यातून कधी मूर्ती निघाली नाही, पण धूळ रोज पुसली जायची. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग पुतळीला परत बोलावलंत?"

"ती बांधावर बसून राहिली नाही, हैबतराव. तेव्हाच खाडीत उतरली होती."

वडखळच्या अलीकडे बस थांबली. बापलेक उतरले. पुढे रस्त्याला दोन वाटा फुटत होत्या, एक मिठागराच्या बांधाकडे आणि दुसरी घरांकडे. दर्शना तिथे थबकली. कंडक्टरने घंटी मारायला हात वर केला, तो विमलबाईंनी धरला.

"जरा थांबा."

काळुराम काहीतरी बोलला. पोरीने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती घरांकडे चालू लागली. मग विमलबाईंनी कंडक्टरचा हात सोडला.