कॅप्टन दामले विहिरीतच आहेत

बसा. शार्दूल, तो मोबाइल आधी पालथा घाल. गोष्ट ऐकताना ज्याचं तोंड निळं दिसतं, त्याला मी काही सांगत नाही. आणि मध्येच "काका, हे खरं का?" असलं विचारायचं नाही. सत्यजीत माझ्या चांगल्या ओळखीतला. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो, विम्याच्या कंपनीत साहेब आहे. जाऊन विचारा त्याला. तो सांगणार नाही, ही गोष्ट वेगळी.

हा सत्यजीत म्हणजे शहाणा माणूस. त्याच्या स्वतःच्या मते. लोक आवडीनं काहीबाही जमवतात, हा हसायला मिळावं म्हणून जमवायचा. साठ-सत्तर सालांतली ती स्वस्त मासिकं तुम्ही कुठून बघणार म्हणा! मुखपृष्ठावर कवटी, शेजारी किंचाळणारी बाई. कागद असा, की वाचता वाचता बोटं काळी व्हावीत. आत भुतं, भुयारं, खजिने, साहसं. त्यातल्या निवडक गोष्टींचा एक जाडजूड संग्रह हा काढत होता, आणि प्रत्येक गोष्टीखाली याची टीप. इथे लेखकाची अक्कल संपली, इथे वाचकाची. "हे वाचून ज्यांची झोप उडायची, त्यांची कीव येते मला," असं चारचौघांत चहा पिताना म्हणायचा. बायको, मनस्वी, एकदा म्हणाली, "अरे, मग कशाला करतोयस?" त्यावर हा नुसता हसला.

संग्रह शनिवारी छापायला जायचा होता आणि एक गोष्ट अर्धी होती. 'पाताळविहीर' नावाची, दरमहा एक भाग अशी येणारी. कॅप्टन दामले नावाचे गृहस्थ दोराला लोंबकळत एका अथांग विहिरीत उतरतात, खाली अडकलेल्या मुलीला सोडवायला. वर त्यांचाच नोकर दोर कापायला घेतो. खाली काळ्या पाण्यात कशाचेतरी डोळे उघडतात... आणि क्रमशः! पुढचा अंक सत्यजीतला कुठेच सापडेना. शेवटी कुणीतरी सांगितलं, की पनवेलजवळच्या नेरे गावात मालूबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे सगळे अंक बांधून ठेवलेले आहेत.

तारीख सांगतो. २०२४ सालचा २८ नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या शनिवारी लागायची होती, तेव्हा तो मसाला माझ्याकडे मागू नका. ऑफिस सुटल्यावर हा गाडी घेऊन नेऱ्याला गेला. मालूबाईंनी कोरा चहा दिला, ट्रंकेतून बाड काढलं आणि म्हणाल्या, "शेवटचा भाग नाय यात, दादा. तो आलाच नाय. मासिकच बंद परलं."

"हात्तिच्या! मग एवढं जपून कशाला ठेवलंत?"

"बाबांचं हाय. बाबा वीटभट्टीवर मुकादम होतं, विठू मुकादम. भट्टी पेटली का रातभर जागायला लागायचं. मानसांना झोप येऊ नये म्हनून बाबा ह्ये वाचून दाखवायचं. वीस-पंचवीस बाया-बापय, सगली आपापलं गोनपाट टाकून गोल करून बसायची. मंग अंक यायचा थांबला. मानसं रोज इचारायची, दामल्यांचं पुढं काय झालं? बाबा काय सांगनार? तशीच गेली सगली. आता त्यातलं येक बी जितं नाय."

"सुटले बिचारे," सत्यजीत म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

मालूबाई हसल्या नाहीत. बाड त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "मनात वाचा, दादा. भट्टीच्या अंगाला मोठ्यानं वाचू नका. शेवट नाय तुमच्याकडं."

"शेवट? असला शेवट मी झोपेत लिहीन, मावशी."

आता कुणी असं सांगितल्यावर साध्या माणसानं काय केलं असतं? गप घरी गेला असता. पण हा पडला शहाणा. नेऱ्याहून सुकापूरकडे येताना ती जुनी भट्टी लागते. भट्टी कसली, फुटक्या विटांचे ढीग, रान माजलेलं आणि पुढे प्लॉट विकणाऱ्यांचा फलक. यानं मुद्दाम तिथेच गाडी बाजूला घेतली. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. आतला दिवा लावला, फोन समोर अडकवला, बाड मांडीवर घेतलं. मोबाइलवर याचे चार-पाच हजार भक्त होते, त्यांना हसवायला हा नाकात बोलत, डोळे फिरवत मोठ्यानं वाचू लागला.

"कॅप्टन दामल्यांनी दोराला मिठी मारली. विहिरीतून थंडगार वारा आला..."

"हूं."

गोष्ट ऐकणारा देतो ना, तसा हुंकार. तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही नुसते अंगठे देता.

याला वाटलं, भास झाला. पुढे वाचलं.

"वर नोकरानं कोयता काढला..."

"हूं."

मागच्या सीटवरून. अगदी जवळून.

सत्यजीतनं मागं पाहिलं नाही. आरशातही नाही. मला म्हणाला, मान वळेचना. मानेला मागून धग लागत होती. नोव्हेंबरच्या रात्री. आणि भट्टीत जाळतात त्या भाताच्या तुसाचा वास. त्यानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. दार उघडायला गेला. दाराची मूठ हाताला पोळली.

"मंग?" मागून आवाज आला.

त्यानं वाचलं. काय करणार? काळं पाणी वाचलं, डोळे वाचले. त्याचा आवाज आता नाकातून येत नव्हता. मग पानावर तो एकच शब्द उरला... क्रमशः.

"मंग? फुडं?"

"पुढं... पुढं नाहीये."

धग वाढली. शर्ट पाठीला चिकटला. आता प्रश्न पुस्तकाचा नव्हता. इथून उठून घरी जायला मिळतं का, एवढाच होता. आणि घरी जायचं तर गोष्ट पुरी करायला हवी होती. झोपेत लिहिणार होता ना? आता जागा होता.

"दोर तुटला," तो म्हणाला. "दामले मेले. संपलं."

"नाय."

"मग... मग त्यांना जाग आली. ते सगळं स्वप्न होतं."

मग मागून...

"हॅट्."

पोरांनो, त्या एका अक्षरात काय होतं, ते सत्यजीतनं मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. जन्मभर यानं दुसऱ्यांना जे दिलं, ते सगळं त्यात होतं. भट्टीवरच्या अडाणी माणसानं याच्या अकलेची कीव केली होती.

त्यानं पोलीस आणले. "नाय." वीज पाडली. "नाय." मुलगीच हडळ निघाली. त्यावर तर मागून नुसती जांभई आली. कानाची पाळी भाजायला लागली. सत्यजीत रडायला लागला. खरंच रडत होता. आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं...

"दोराचा शेवटचा पीळ उरला. दामल्यांनी वर पाहिलं. अंधारातून एक हात खाली आला..."

"कुनाचा?"

यानं बाडाचं शेवटचं पान उलटून पाहिलं.

"कुनाचा हात?"

"ते... ते उद्या."

सगळं थांबलं. धगही.

"बरं," मागून आलं. समाधानानं. "उद्या."

मागचं दार उघडलं. लागलं. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

तो दहाच्या आत घरी. रात्रभर जागा. सकाळी छापणाऱ्याला फोन केला, संग्रह रद्द. बाड कुरिअरनं नेऱ्याला परत. ऑफिसला दांडी. दिवसभर टेबलाशी बसला, कोरा कागद पुढ्यात, पेन हातात. हात कुणाचा? एक ओळ सुचेना. असल्या गोष्टी लिहायला काय लागतं, ते त्या दिवशी कळलं त्याला. उशिरा कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मनस्वी कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडून बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "सत्यजीत, हे काय आहे? कुणी टाकलंय हे?"

दारासमोर चौघडी घालून एक गोणपाट अंथरलेलं होतं. त्याच्या खालच्या पायरीवर दुसरं. त्याच्या खाली तिसरं. थेट खालच्या मजल्यापर्यंत, पायरीला एक, वीस-पंचवीस तरी.

"उचलू नकोस," सत्यजीत आतून म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. वाकून दारासमोरचं गोणपाट एका हातानं ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं.

ते हललं नाही.