आजोबाची हिरवी जर्सी

मानवजातीच्या इतिहासात काही दिवस असे उगवतात, की सारं जग श्वास रोखून बसतं. तो शनिवार तशांपैकीच होता. निदान तपशीलचं तसं ठाम मत होतं. उरलेल्या जगानं मात्र नेहमीप्रमाणे मळके कपडे गोळा करून धुवायला टाकले होते, आणि त्यातले बरेचसे तिच्या आत्याच्या लॉन्ड्रीत येऊन पडले होते.

तपशील हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. या बारा वर्षांच्या मुलीला काहीही सांगितलं, तरी ती विचारायची, "किती वाजता? कुठल्या हातानं?" तिचं नाव असं पडलं. सुट्टीला ती आत्याकडे आली होती, ती आत्याच्या प्रेमापोटी, असं आत्या सगळ्यांना सांगत होती. खरं कारण लॉन्ड्रीपासून गाडीनं दहा मिनिटांवर होतं. तिथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संगणकावरच्या खेळाची जागतिक अंतिम लढत होती. पाच जणांविरुद्ध पाच जण. समोरच्यांचा बुरूज आधी पाडला की डाव जिंकला, तीन डाव जिंकले की चषक.

एका बाजूला 'पोलाद'. तीन वर्षं अजिंक्य, आणि पाचही खेळाडूंचे चेहरे असे, की एकाच जेवणानं सगळ्यांचं पोट बिघडलंय. दुसऱ्या बाजूला 'काजवे', आणि काजव्यांचा कप्तान आजोबा. वय वर्षं पंचवीस. या खेळात विशी उलटली की लोक आधार द्यायला पुढे येतात, म्हणून हे नाव. जर्सीच्या पाठीवरही तेच छापलेलं. तो याआधी दोनदा अंतिम लढत हरला होता आणि आजच्यानंतर खेळ सोडणार होता. तपशीलच्या वहीत त्या दोन पराभवांच्या तारखा होत्या, आईबाबांच्या वाढदिवसांच्या वर.

आणि आदल्या दिवशी काजव्यांच्या पाच जर्सी खुद्द आत्याच्या लॉन्ड्रीत आल्या होत्या, कारण त्यांच्या हॉटेलचं धुण्याचं यंत्र बंद पडलं होतं.

लॉन्ड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक आकडा असतो. कपडा आला की कॉलरच्या आतल्या बाजूला न जाणाऱ्या शाईनं तो आकडा घालायचा, म्हणजे धुऊन झाल्यावर कुणाचं काय ते कळतं. काजव्यांना ३ हा आकडा मिळाला. खुणा मी घालते, म्हणून तपशील आत्याच्या इतकी मागे लागली, की शेवटी आत्यानं शाईची बाटली तिच्या हातात दिली आणि स्वतःचे कान मोकळे करून घेतले.

शनिवारी साडेबाराला फोन वाजला. तो काजव्यांच्या व्यवस्थापकाचा होता. आत्या ऐकत गेली, तसा तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होत गेला. सकाळी पोचवलेल्या गाठोड्यात चारच जर्सी होत्या. आजोबाची नव्हती. व्यवस्थापकानं पावतीवर 'पाच मिळाल्या' अशी झोकात सही केली होती, पण मोजल्या आता होत्या. जादा जर्सी मागच्या गावच्या हॉटेलात, कपाटात राहिली होती. आणि पाठीवर नाव नसलेल्या खेळाडूला पंच मंचावर बसू देत नाहीत. चार वाजता ते पाहणी करणार होते.

"वीस वर्षांत माझ्याकडून एक मोजा हरवलेला नाही," आत्या कुणालाच उद्देशून म्हणाली. मग तिनं वही उघडून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला सुरुवात केली.

तपशील कपड्यांचा प्रत्येक ढीग पुन्हा उपसत होती, आणि त्याला कारण होतं. आदल्या दिवशी आजोबाच्या जर्सीवर खूण घालताना तिनं आकडा प्रेमानं दोनदा गिरवला होता. मग ती जर्सी अंगाला लावून अर्धा मिनिट आरशापुढे उभी राहिली होती. त्यानंतर तिनं ती ढिगात परत ठेवली का? कुठे ठेवली? कुठल्या हातानं? आयुष्यात पहिल्यांदाच तिला एक तपशील आठवत नव्हता, आणि तो नेमका हाच होता.

आत्याला हे सांगायला ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आली.

दोन वाजेपर्यंत आत्यानं वहीतल्या सगळ्या आकड्यांवर काट मारली. कुणाकडेच काही जास्तीचं गेलेलं नव्हतं. मग ती गाडी काढून हॉटेलात शोधायला गेली. मागे राहिले इस्त्रीकाका आणि तीन मुलं.

इस्त्रीकाका धुतलेले कपडे खुणा बघून वेगळे करत, इस्त्री करत आणि गाठोडी बांधत. त्यांचा चष्मा कायम खिशात असायचा. डोळे अजून शाबूत आहेत, चष्मा डॉक्टरांच्या समाधानासाठी आहे, असं ते सांगत. तीन मुलांपैकी एक तपशील. दुसरा तिचा आतेभाऊ लॅग, वय तेरा. खेळताना संगणक मागे पडतो, त्याला लॅग म्हणतात. त्याला विनोद सांगितला तर तो जेवणानंतर हसायचा. तिसरी काकांची मुलगी. तिला सगळे खडूस म्हणत आणि तिची त्याला हरकत नव्हती. खडूस पोलादची कट्टर चाहती होती. गेले आठ दिवस ती आणि तपशील एकमेकींशी फक्त आकडेवारीत बोलत होत्या.

तपशील तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कुठे ठेवलीस?"

"काय?"

"तुला माहितीये काय. आजोबा खेळला नाही तर फायदा कुणाचा?"

खडूसनं हातातली उशीची खोळ नीट घडी करून खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. "हे बघ, आजोबाला हरलेलं मला बघायचंय. रडत असेल तर पहिल्या रांगेत बसून बघायचंय. पण खेळून हरलेला. जर्सी चोरून जिंकायला पोलाद म्हणजे काय तुमचे काजवे वाटले?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि ही लॉन्ड्री माझ्या बाबांचीही आहे. गाठोडं त्यांनी बांधलंय. नाव त्यांचंच जाणार."

तपशीलला रडू यायला लागलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती तडक दारातून बाहेर रस्त्यावर गेली.

आत लॅगनं एवढ्यात या भांडणाची दखल घेतली. वाफेनं धुरकटलेल्या खिडकीपाशी जाऊन तो म्हणाला, की तुमच्या दोघींचा एकदा छत्तीसचा आकडा काढून इथेच लावून ठेवतो. तो बोटानं काचेवर लिहायला लागला. त्याच्या नेहमीच्या वेगानं तीन काढून झाला आणि सहाचा विचार सुरू झाला.

बाहेर तपशीलनं डोळे पुसून वर पाहिलं. समोर काचेवर स्पष्ट लिहिलेलं होतं: ६.

ती बघतच राहिली. मग धावत आत आली. आतून तो ३ होता. पुन्हा बाहेर गेली. ६.

"हिला काय झालं?" खडूसनं विचारलं. लॅग विचार करून सांगतो म्हणाला.

"खूण आतून घालतात," तपशील धापा टाकत म्हणाली. "साधा शर्ट जाड असतो, शाई बाहेर दिसत नाही. जर्सी कागदासारखी पातळ. आणि आजोबाच्या जर्सीवर मी दोनदा गिरवलं. शाई पलीकडे फुटली असणार! काका, तुम्ही खूण आतून बघता की बाहेरून?"

इस्त्रीकाका म्हणाले, जिकडून दिसेल तिकडून बघतो. वीस वर्षं तेच करतोय.

तिघांनी वहीवर झडप घातली. सहा नंबर: दातांचा दवाखाना, पुढच्या गल्लीत, तिसरा मजला. कपडे: गडद हिरवे झगे, सहा. जर्सीही गडद हिरवी होती. पुढे आत्यानं काट मारून लिहिलं होतं, 'फोन केला. सगळं बरोबर आहे म्हणाल्या.'

"मोजलेत असं म्हणाल्या का?" तपशीलनं विचारलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आत्याचा फोन लागेना. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दवाखान्यात जातोय, असं काकांना सांगून तिघं पळत सुटले. काकांनी मान डोलावली, पण ती इस्त्रीबरोबर नेहमीच डोलायची.

दवाखान्यात स्वागतकक्षातल्या बाईंनी वर न बघता अपॉइंटमेंट आहे का विचारलं. कपड्यांचं नाव काढताच त्या वैतागल्या. फोनवर एकदा सांगितलंय, सगळं बरोबर आहे. गाठोडं उघडून बघितलं का, तर नाही, बांधलेलं छान होतं. डॉक्टर कामात आहेत, अपॉइंटमेंट मंगळवारची मिळेल.

तेवढ्यात आतलं दार उघडून एक बाई गाल धरून बाहेर आल्या. "आजोबांचा हात हलका आहे हं," स्वागतकक्षातल्या बाईंना त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तपशील आणि खडूस यांनी एकमेकींकडे पाहिलं. गेल्या आठ दिवसांत प्रथमच.

"याची दाढ दुखतेय," तपशील म्हणाली आणि तिनं लॅगला पुढे ढकललं. "फार. आठ दिवस हा फक्त डाव्या बाजूनं चावतोय. काल दुपारी जेवताना दोनदा डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं म्हणाला. भाजी फिकी होती."

"नाही दुखत," लॅग म्हणाला. पण हे त्याला सुचेपर्यंत बाईंनी त्याचं तोंड उघडून पाहिलं होतं, आणि ते दृश्य बघून त्यांनी तिघांना तसंच आत पाठवलं.

डॉक्टर पाठमोरे उभे राहून हात धूत होते. हिरवं पातळ कापड, खांद्यांवर पिवळे ठिपके, आणि पाठभर मोठ्या अक्षरांत: आजोबा.

तपशील बोलणार तोच डॉक्टर आरशात बघत खिन्न आवाजात म्हणाले, "बसा. आणि कृपा करून मला आजोबा म्हणू नका. सकाळपासून नऊ जणांनी म्हटलंय. बेचाळीस वर्षांचा आहे मी. कानाजवळ चार केस पांढरे झाले म्हणून लोकांनी इतकं..."

"डॉक्टरकाका," तपशील म्हणाली, "ते तुमच्या पाठीवर लिहिलंय."

डॉक्टरांनी आधी एका खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला, मग दुसऱ्या. शेवटी जर्सी काढून समोर धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की चषक त्यांनाच मिळालाय. सकाळी गाठोड्याच्या वरचंच ओढून घातलं तेव्हा कापड हलकं लागलं होतं, ते म्हणाले, पण त्यांना वाटलं लॉन्ड्रीनं साबण बदलला.

जर्सीच्या बाहीवर मात्र चूळ भरायच्या औषधाचा गुलाबी डाग पडला होता, चांगला बशीएवढा. तपशील जर्सी घेऊन गरम पाण्याचा नळ शोधू लागली. खडूसनं तिच्या हातातून जर्सी ओढून घेतली, बेसिनपाशी गेली आणि थंड पाणी, साबण, अंगठ्याचं टोक असं कामाला लागली. गरम पाणी लावलं असतंस तर डाग जन्माचा बसला असता, असं तिनं तपशीलला सुनावलं. डाग गेला. बाही तिनं हात वाळवायच्या यंत्राखाली धरली.

"तू का करतेयस हे?" तपशीलनं विचारलं.

"मळक्या माणसाला हरवण्यात काय मजा," खडूस म्हणाली.

निघताना अडचण एकच होती. डॉक्टरांनी लॅगची दाढ बघितली होती आणि आता ते त्याला सोडायला तयार नव्हते. खुर्चीतून, तोंडात आरसा असताना, लॅगनं दोघींकडे बघून काहीतरी उदात्त म्हटलं. ते 'आआ उई' असं ऐकू आलं. जा तुम्ही, असा त्याचा अर्थ दोघींनी सोयीनं लावला.

बाईंच्या टेबलावरून आत्याला फोन केला, तो या वेळी लागला. आत्या गाडी घेऊन दवाखान्याखाली आली, तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल होता. तपशीलनं घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दहा सेकंदांनी बघितलं. मग रस्त्याकडे बघत तिनं आत्याला सगळं सांगून टाकलं. दोनदा गिरवलेला आकडा, आरसा, अर्धा मिनिट.

"शाई एकदाच लावायची," आत्या म्हणाली. "बाकी आरशाचं म्हणशील, तर गाठोडी परत पाठवायच्या आधी मीही एक जर्सी अंगाला लावून बघितली होती. मला बारीक दाखवते ती."

चारला आठ मिनिटं कमी असताना त्या स्टेडियमच्या मागच्या दाराशी पोचल्या. व्यवस्थापक पावती हातात धरून तिथेच येरझाऱ्या घालत होता. त्याच्यामागून स्वतः आजोबा बाहेर आला. पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता, आणि घाबरलेला होता. त्यानं जर्सी घेतली, कॉलरवर फुटलेल्या शाईकडे पाहिलं.

"हा सहा कसला?"

"तीन आहे," तपशील म्हणाली. "आतून."

त्यानं कॉलर उलटून बघितली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. तीनच असू दे म्हणाला, तीनच डाव हवेत.

त्या दिवशी मुलांचं फार कौतुक झालं. व्यवस्थापकानं सगळ्यांना आत बसवलं आणि यापुढे मोजून सही करीन, असं आत्याला वचन दिलं. डॉक्टरांनी लॅगला स्वतः आणून सोडलं, तेव्हा त्याचा अर्धा चेहरा बधिर होता. मोठ्यांना जे सापडलं नाही ते या पोरांना एका काचेत सापडलं, असं आत्यानं आजूबाजूच्या अनोळखी प्रेक्षकांनाही सांगितलं. इस्त्रीकाकांनी गुपचूप चष्मा लावला, समोर बघितलं आणि लॅगला विचारलं, "तू एवढा मोठा कधी झालास?"

लढत पाच डाव चालली. चौथ्या डावात तपशीलनं खडूसचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यावर नखं उमटली, आणि खडूसनं तो सोडवून घेतला नाही. काजवे तीन-दोन जिंकले. बाही स्वच्छ होती म्हणून जिंकले, खडूस म्हणाली, आणि हे श्रेय तिनं नंतरही कधी सोडलं नाही.

स्टेडियममधला एसी फार थंड होता. आजोबा पाचही डाव गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाकीट घालून खेळला. जाकिटाच्या पाठीवरही 'आजोबा' असंच लिहिलेलं होतं, आणि पंचांनी चार वाजता तेच वाचलं होतं.